स्कोप की साधी साइट? ऐरोलीच्या दादांना उत्तर

तुमच्या पोस्टमधला दुकानदार माझ्या ओळखीचा वाटला. माणूस वेगळा असेल, पण वाक्य तेच: "मॅडम, स्कोप लावूनच न्या, पोरगी पहिल्या दिवसापासून दहा मारेल." दहा म्हणजे टारगेटच्या बरोबर मधोमध.

तुमची अडचण मला कळली ती अशी. मुलगा तेरा वर्षांचा, मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आलाय आणि आता एअर रायफल हवी म्हणतोय. कोच म्हणतात ओपन साइट, म्हणजे नेम धरायला रायफलवर मागे खाच आणि पुढे खूण; दुकानदार स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, गळ्यात मारतोय. त्यातून तुम्हालाही हौस आहे, पण चाळिशी लागल्यामुळे मागची खाच धूसर दिसते, म्हणून मन स्कोपकडे झुकलंय.

मी कोच नाही, वकील तर मुळीच नाही. लेकीला घेऊन ठाण्यातल्या रेंजवर बसून बसून, आणि पुढे स्वतः रायफल उचलल्यावर जे कळलं तेवढंच लिहितेय. उभं कसं राहायचं, श्वास कुठे रोखायचा हे कोच शिकवतीलच, त्यात जात नाही.

रायफल कुठे चालवायची ते आधी ठरवा. मुलगा स्पर्धेत उतरणार असेल तर स्कोपचा विषय तिथेच मिटतो, १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालतच नाही. आपल्या स्वप्निल कुसळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, ते ५० मीटरवर आणि तेही पीप साइटवर. पीप म्हणजे मागे बारीक भोकाची चकती, पुढे कडं. ओपन साइट म्हणजे मागे खाच, पुढे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची छोटी उभी खूण. ओपन साइटचा गट आपल्याकडच्या राष्ट्रीय नियमांतला, ऑलिम्पिकला तो नसतो. हे दोन गट वेगळे आहेत हे नीट लक्षात ठेवा, कारण आमचं घोडं इथेच अडलं.

लेकीने ओपन साइटवर शिकून पीपवर उडी घेतली होती. जिल्ह्याच्या स्पर्धेची एन्ट्री भरायला गेलो त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. फॉर्मवर साइटचा रकाना होता. खिडकीवरच्या गृहस्थांना विचारलं, रायफलला पीप आहे, कुठल्या गटात लिहायचं? ते म्हणाले, "ज्युनिअर आहे ना? मग ओपन." मी पुन्हा विचारलं, पीपला चालेल का? "मॅडम, रायफल ती रायफल." आणि स्वतःच्या हाताने टिक करून शिक्का मारला. खात्री करावी म्हणून फोन केला, तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला. ते म्हणाले पीपचा गट वेगळा असतो, पण बदल हवा तर खिडकीवरच या. खिडकीवर गेलो तर "यादी वर गेली."

स्पर्धेच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर रायफल ठेवली आणि तिथल्या माणसाने बघताक्षणी बाजूला सरकवली. ओपनमध्ये पीप चालणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, नियम तोच आहे. पण पीपच्या यादीत नाव नाही, जागेवर लावायला ओपन साइट नाही, फी परत नाही. खिडकीवरचे गृहस्थ तिथेच हजर होते, त्यांनी मला ओळखच दाखवली नाही. नियमाची प्रत मागितली तर म्हणे कोचकडे मागा. लेखी तक्रार दिली, त्यावर "पोहोच" असा शिक्का मिळाला, तो अजून फाईलमध्ये आहे. उत्तर आजतागायत नाही. पोरीचा अख्खा सीझन गेला, कारण त्या स्पर्धेतूनच पुढे जायचं होतं. स्कोपच्या पैशांपेक्षा हे महाग पडलं.

म्हणून सांगते, साइट विकत घेण्याआधी कोचकडून मेसेजवर लिहून घ्या: यंदा कुठला गट, कुठली साइट. एन्ट्री भरल्यावर यादीतल्या मुलाच्या नावाचा आणि गटाचा फोटो काढा. तोंडी "चालतंय हो" या शब्दाला काडीची किंमत नाही.

असो. आता स्कोपचं. गच्चीवर टारगेट लावून निव्वळ हौसेसाठी मारायचं असेल तर स्कोपला माझा विरोध नाही. पण १० मीटरवर स्कोप आपोआप दहा मारतो ही समजूत डोक्यातून काढा. स्कोपमधली फुली आणि टारगेट एका पातळीवर दिसतात ते एका ठरावीक अंतराला. दारूगोळ्याच्या बंदुकीसाठी बनवलेल्या स्वस्त स्कोपांत ते अंतर बहुधा १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटरला कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. तसा ३२ मि.मी. भिंगाचा स्कोप घेऊन १० मीटरवर मारलंत आणि डोळा मधोमध न राहता कडेला सरकला, तर फुली जागची न हलताही नेम १४ मि.मी.पर्यंत चुकू शकतो. एअर रायफलच्या टारगेटवर एकेक रिंग अडीच मि.मी.ची आणि दहाचा ठिपका अर्ध्या मि.मी.चा. म्हणजे गाल जरा वेगळा टेकून डोळा सरकला, एवढ्यानेच पाचाहून जास्त रिंग गेल्या. घ्यायचाच तर पुढचं भिंग फिरवून १० यार्डांपर्यंत अंतर जुळवता येईल असा घ्या. याला ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह म्हणतात, दुकानात एओ विचारा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरं दुकान बघा.

क्लिकचीही तीच गंमत. नेम सरकवायला स्कोपवरची घुंडी फिरवली की एकेक क्लिक होते. डब्यावर लिहिलेलं असतं एक क्लिक म्हणजे पाव इंच. ते १०० यार्डांवर. १० मीटरवर तीच क्लिक जेमतेम ०.७ मि.मी. होते. लोक चार क्लिक फिरवतात, काही हललं नाही म्हणून स्कोप परत करायला धावतात.

स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल असेल तर आणखी एक. पिस्टन सुटताना रायफल आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते. साध्या स्कोपची आतली जुळणी त्याने ढिली होते, नाहीतर अख्खा स्कोप रायफलवरच्या खोबणीतून मागे घसरत जातो. एअर रायफलसाठीच बनवलेला स्कोप, आणि माउंट, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणारी पकड, एका तुकड्याचं, खाली घसरण अडवणारी स्टॉप पिन असलेलं घ्या. हवा भरलेल्या सिलिंडरच्या पीसीपी रायफलीत हा त्रास जवळजवळ नाही.

मुलाला सुरुवातीला स्कोप देऊ नये याचं माझं खरं कारण मात्र वेगळंच आहे, आणि यावर बरेच जण माझ्याशी भांडतील. स्कोपमध्ये हाताची थरथर कितीतरी पटींनी मोठी दिसते. फुली दहावरून गेली की "आता!" म्हणून पोरं ट्रिगर झटकतात. ही सवय एकदा लागली की मोडता मोडत नाही. ओपन साइटवर थरथर तेवढीच असते, पण डोळ्यात भरत नाही, मूल माशीकडे बघत शांतपणे ट्रिगर दाबायला शिकतं. माशी स्वच्छ दिसली पाहिजे, टारगेट पुसट दिसलं तरी चालतं. आणि ओपन साइट शिस्तही लावते: खाच आणि माशी यांच्यात ४० सेंमी अंतर असेल तर माशी खाचेत केसाएवढी, ०.१ मि.मी. सरकली तरी कागदावर अडीच मि.मी., म्हणजे एक रिंग जाते.

आता तुमचा डोळा. चाळिशीनंतर खाच, माशी आणि टारगेट तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं अवघडच, त्यात तुमचा नेम वाईट आहे असं काही नाही. माझंही तेच झालं होतं. स्कोपवर खर्च करण्याआधी पीप लावून बघा. बारीक भोकातून बघितलं की जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं, आणि भोकाची कड धूसर दिसली तरी बिघडत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून मात्र मारू नका, मान वाकवल्यावर भलत्याच नंबरातून बघितलं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांना रायफलची माशी डोळ्यापासून किती अंतरावर येते ते मोजून सांगा आणि त्या अंतराला जमेल असा एकाच नंबरचा चष्मा मागा. दुसरा डोळा मिटू नका, थकवा येतो. त्या काचेवर अर्धपारदर्शक टेप लावा.

कायद्याचं मला माहीत आहे तेवढं: २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूल ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण विक्रेता ओळख आणि पत्त्याचा पुरावा घेतो. बिलाची प्रत केसमध्येच ठेवा, लोकलने नेताना कुणी विचारलं तर वाद वाढत नाही. गच्चीवर मारायचं तर पेलेट ट्रॅप (पेलेट म्हणजे छर्रे, ते अडवणारी पेटी) आणि मागे भक्कम भिंत हवीच, सोसायटीला आधी सांगा. ऐरोलीला खाडी जवळ म्हणून सांगते, खाडीकडे तोंड करून तर अजिबात नाही. तिकडे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, पक्ष्याला पेलेट लागला तर वन्यजीव कायदा दारात येईल.

पावसाळ्यात एसीतून बाहेर आणलेल्या स्कोपच्या काचा धुरकटतात, केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाका. पेलेट शिशाचे असतात, मारून झाल्यावर मुलाला हात धुवायला लावा, मगच वडापाव.

आणि काही घेण्याआधी मुलाचा डोळा कुठला प्रबळ आहे ते तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांत छोटं भोक धरायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा निघाला तर साइटच्या आधी रायफल कुठल्या खांद्याला धरायची ते कोचना विचारावं लागेल. काय निघालं ते इथे लिहा, आणि रायफल स्प्रिंगची घेताय की पीसीपी तेही सांगा.