बर्कशायर कौन्सिलची साइट सापडत नाही, कारण ती कौन्सिलच नाही

इंग्लंडमधल्या बर्कशायर काउंटी कौन्सिलची (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) साइट दोन दिवस शोधूनही सापडली नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. ती कौन्सिल १ एप्रिल १९९८ ला बंद झाली. पण तुमची बाकीची पोस्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला. मार्चमध्ये वाकडहून येताय, मुलगा इयर ३ चा (सात-आठ वर्षांचा), मुलगी सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जाणार, एजंटनं अर्लीतलं घर दाखवलंय, पत्त्यात ‘रेडिंग, बर्कशायर’ असं आहे आणि म्हणून तुम्ही रेडिंगच्या शाळांची यादी काढून बसला आहात. २०१६ साली मी नेमकं हेच केलं होतं. गाव वेगळं, चूक तीच.

भाडं, बँक खातं, थंडीचे कपडे यावर लिहीत नाही, ते इथे शंभरदा झालंय. आधीच सांगते, मी वकील नाही, कौन्सिलमध्ये नोकरीला नाही. नियम बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द सरकारी साइटचाच माना.

तुम्ही वाकडचे आहात म्हणून सोपं जाईल. वाकडचा पिनकोड ४११०५७, हिंजवडीचाही ४११०५७, आणि दोन्ही पत्त्यांत ‘पुणे’. पण आम्ही तिथे राहायचो तेव्हा वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत होतं आणि हिंजवडीत ग्रामपंचायत. पाण्याची तक्रार घेऊन कोणी शिवाजीनगरला पुणे महापालिकेत गेलं असतं तर शिपायानंच परत पाठवलं असतं. इथेही तसंच आहे, फक्त इथला शिपाई परत पाठवत नाही. तो तुमचा फॉर्म ठेवून घेतो.

बर्कशायर ही काउंटी आजही आहे. तिला ‘रॉयल काउंटी’ म्हणतात, राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंटही असतो. पण शाळा, कचरा, कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) हे सगळं सहा वेगळ्या कौन्सिली बघतात: रेडिंग, वोकिंगम, ब्रॅकनल फॉरेस्ट, स्लाऊ, विंडसर अँड मेडनहेड आणि वेस्ट बर्कशायर. वर काउंटीची हद्दही मधून मधून हललेली. १९७४ ला ॲबिंग्डन, डिडकॉट, वाँटेज ऑक्सफर्डशायरला गेली आणि स्लाऊ, ईटन बकिंगहॅमशायरमधून इकडे आली. थेम्सपलीकडचं कॅव्हरशम १९११ पर्यंत ऑक्सफर्डशायरमध्ये होतं. त्यामुळे जुन्या माणसाला काउंटी विचारली तर तो जे सांगेल ते त्याच्या लहानपणीचं असू शकतं.

या सगळ्याच्या वर टपालखात्यानं स्वतःचाच नकाशा पांघरलाय. पत्त्यातलं गाव म्हणजे पोस्ट टाउन, टपाल कुठून वाटलं जातं ते. त्याचा कौन्सिलच्या हद्दीशी काही संबंध नाही. काउंटीचं नाव तर रॉयल मेलनं १९९६ पासून पत्त्यात मागणंच सोडलंय. एजंट लिहितात ते सवयीनं. आरजीनं सुरू होणाऱ्या पोस्टकोडांत रेडिंग येतं, तसं हॅम्पशायरमधलं बेझिंगस्टोक आणि ऑक्सफर्डशायरमधलं हेन्लीही येतं. सॉनिंग हे गाव वोकिंगम कौन्सिलमध्ये, तर सॉनिंग कॉमन नदीपलीकडे ऑक्सफर्डशायरमध्ये, आणि पत्ता दोन्हींचा ‘रेडिंग’! टायलहर्स्ट तर अर्धं रेडिंगमध्ये नि अर्धं वेस्ट बर्कशायरमध्ये. तुमची अर्ली आणि शेजारची वुडली यांचे पत्ते रेडिंगचे, कौन्सिल वोकिंगम. रेडिंग विद्यापीठाच्या व्हाइटनाइट्स कॅम्पसच्या तर आतूनच हद्द जाते.

आता माझं.

आम्ही २०१५ च्या नोव्हेंबरात आलो, डिसेंबरात घर घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही, कौन्सिलींचीही नाही. असल्या सीमेवरच्या गावांना या काउंटीत तोटा नाही, कोणतंही समजा. लेक साडेतीन वर्षांची, धाकटा सहा महिन्यांचा. सप्टेंबर २०१६ च्या रिसेप्शनसाठी अर्जाची मुदत १५ जानेवारी. (ही तारीख देशभर तीच असते. सेकंडरीची ३१ ऑक्टोबर.) मी म्हटलं, आपण शहाण्या, आधी फोन करून विचारू. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. त्यांनी पोस्टकोड विचारला आणि मी पहिला भाग सांगितला, मोठ्या परिसराचा. फक्त पहिला! दुसरा भाग मला तेव्हा पाठच नव्हता, करारनामा वरच्या खोलीत होता आणि बाळ मांडीवर झोपलेलं. बाई म्हणाल्या, ‘येस, दॅट्स अस.’ दुसरा भाग त्यांनी विचारला नाही. मीही उठले नाही.

बारा जानेवारीच्या रात्री फॉर्म भरला. पोचपावतीचा ईमेल आला, तो मी प्रिंट काढून फाइलमध्ये लावला. त्या कागदाकडे बघून दोन महिने निवांत झोपले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळींचा ईमेल: तुमचा पत्ता आमच्या हद्दीत येत नाही, आपल्या कौन्सिलकडे अर्ज करावा. बस. कुठल्या कौन्सिलकडे, तेही नाही. फोन केला तर वेगळाच माणूस. आधी फोनवर असं सांगितलं होतं म्हटल्यावर, ‘कोणी सांगितलं, नाव काय?’ नाव मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या कौन्सिलचं म्हणणं, आमच्या लेखी हा उशिरा आलेला अर्ज, वेळेत आलेल्यांचं वाटप झालं की तुमचा विचार करू. मी म्हटलं, अहो, मी मुदतीच्या तीन दिवस आधी भरलाय. ‘नॉट विथ अस,’ असं उत्तर. दोघंही सभ्य, दोघंही थँक यू म्हणणारे, आणि दोघांपैकी एकानंही शेजारच्या कचेरीला फोन उचलून विचारलं नाही. दोन्ही इमारतींत काही मैलांचं अंतर. आपल्याकडे निदान टेबलावर हात आपटता येतो. इथे कोणावर आपटायचा?

एरवी निकाल १६ एप्रिलला लागतो. त्या वर्षी शनिवार आला म्हणून १८ ला लागला. शेजारच्या पोरी कोणती शाळा मिळाली ते सांगत हिंडत होत्या. आम्हाला मे महिन्यात मिळाली, अडीच मैलांवरची. घरासमोरच्या शाळेची घंटा मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. दोन बस, प्रॅम, पाऊस. बसमध्ये प्रॅमच्या जागेवर आधीच कोणी असेल तर ड्रायव्हर मान हलवायचा, ‘नेक्स्ट वन, लव्ह.’ मला अकाउंट्समधली नोकरी मिळालेली होती, नऊ वाजताची. शाळेचं फाटक उघडायचं आठ चाळीसला. ती नोकरी सोडावी लागली. जवळच्या शाळेत नंबर लागायला चौदा महिने गेले. लोक म्हणतात, शाळा काय, लहान मुलं कुठेही शिकतात. लेक शिकली हो, मजेत. माझं वर्ष गेलं त्याचं काय?

असो. तुमच्यापुरतं बोलू.

घराचा पूर्ण पोस्टकोड घ्या, सहीच्या आधी. गव्ह डॉट यूकेवर ‘फाइंड युवर लोकल कौन्सिल’ म्हणून पान आहे, तिथे टाका. हद्दीवरचा पोस्टकोड असेल तर ते पान तुमचं नेमकं घर निवडायला लावतं. मग कौन्सिल टॅक्सचा बँड (कराचा टप्पा) दाखवणाऱ्या सरकारी पानावरही तोच पत्ता बघा, कोणत्या कौन्सिलकडे नोंद आहे ते तिथे दिसतं. दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. एजंटला विचारू नका. मी विचारलं होतं, तो म्हणाला, ‘सेम थिंग, रियली.’ फोनवर कोणी काही सांगितलं तर लगेच ईमेल टाका: आजच्या बोलण्यानुसार अमुक अमुक, चुकत असेल तर कळवा. आणि नाव विचारा. इथे नाव विचारणं उद्धटपणा नाही.

तुमच्या दोन मुलांना दोन उलटे नियम लागतात, हे नीट वाचा. रिसेप्शनचा अर्ज तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे करायचा, शाळा शेजारच्या हद्दीत हवी असली तरी. हद्दीपलीकडची शाळा मागता येते. निव्वळ हद्दीपलीकडचे म्हणून नाकारता येत नाही, हे १९८९ च्या ग्रिनिच खटल्यापासून ठरलेलं आहे. इयर ३ चा अर्ज मात्र वर्षाच्या मधला, म्हणजे इन-इयर. तो शाळा ज्या कौन्सिलच्या हद्दीत आहे तिथे, किंवा काही ठिकाणी थेट शाळेकडे. त्याचं उत्तर १५ शालेय दिवसांत द्यायलाच लागतं. मुलीचा अर्ज तसाही उशिराचाच धरतील, १५ जानेवारी उलटलेली असणार. करारावर सही झाली की त्याच दिवशी भरा, पण योग्य ठिकाणी. मे महिन्यात मिळेल ती शाळा आवडली नाही तरी नाकारू नका. ती हातात ठेवून बाकीच्यांच्या वेटिंग लिस्टवर राहता येतं.

वेटिंग लिस्टबद्दल आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. ती रेल्वेसारखी नाही, आधी आला त्याचा आधी नंबर असं नसतं. भावंड, अंतर, कॅचमेंट (शाळेचा ठरलेला परिसर) अशा निकषांवर लागते, त्यामुळे तुमच्यानंतर आलेलं पण शाळेजवळ राहणारं मूल पुढे जातं. मी तिसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर गेले तेव्हा रडले होते, नंतर कळलं हे नेहमीचंच. जागा नाकारली तर करायच्या अपीलचंही तसंच. रिसेप्शन ते इयर २ एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा असते, त्यामुळे ते अपील सहसा टिकत नाही. इयर ३ ला ती मर्यादा नाही, तिथे लढून बघण्यात अर्थ आहे. काही ठिकाणी इन्फंट शाळा इयर २ ला संपते आणि ज्युनियर वेगळी असते, म्हणजे दोघं भावंडं दोन फाटकांत. घर बघताना हे विचारा, स्वयंपाकघराचा ओटा नंतर बघा.

गावांबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. पहिल्या वर्षी खेड्यात राहू नका. फोटोत पँगबोर्न, कुकम, सॉनिंग बघून जीव वेडावतो, मीही रविवारी तिथेच जाते. पण भारतीय लायसन्सवर इथे फक्त १२ महिने चालवता येतं, मग इथली परीक्षा. पँगबोर्नला, थीलला स्टेशन आहे, ते एक ठीक. नदीकाठचं घर असेल तर पुराचा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये डॅचेट आणि रेजबरीत घरांत पाणी होतं. विंडसरला जाणार असाल तर तिथे फर्स्ट, मिडल आणि अपर अशी तीन टप्प्यांची शाळा आहे. तुमच्या मुलाला इयर ५ ला पुन्हा शाळा बदलावी लागेल.

आणि ग्रॅमर शाळांसाठी (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी सेकंडरी शाळा) स्लाऊला जा, असा सल्ला मिळेलच. स्लाऊमध्ये चार आहेत, शेजारच्या बकिंगहॅमशायरमध्ये तेरा, पण दोघांची परीक्षा वेगळी आणि नोंदणी इयर ५ च्या उन्हाळ्यात. तिथेही पुन्हा हद्दच: स्लाऊला चिकटलेलं बर्नम बकिंगहॅमशायरमध्ये आहे आणि पत्ता स्लाऊचा. इयर ३ च्या पोरासाठी आत्तापासून हे डोक्यात घेऊ नका.

जाता जाता, रेडिंगचा उच्चार ‘रेडिंग’, वाचनासारखा ‘रीडिंग’ नाही. आणि काउंटी ‘बार्कशर’. मी पॅडिंग्टनला तिकीट मागताना ‘रीडिंग, बर्कशायर’ म्हटलं तेव्हा खिडकीतल्या माणसानं मला दोनदा परत बोलायला लावलं होतं.

एजंटनं पाठवलेल्या फोटोंत घरासमोर किंवा गल्लीत कचऱ्याचे डबे दिसताहेत का बघा. रेडिंग कौन्सिलचा रिसायकलिंगचा डबा लाल असतो. गल्लीत एकही लाल डबा नसेल तर पोस्टकोडचा पहिला भाग आणि त्यापुढचा एक आकडा इथे लिहा, घरनंबर नको. रात्री जेवणं उरकली की बघून सांगते.