पीपीसीचा स्लॅब: राख, पाणी आणि टेकू काढण्याची घाई

बांधकामाचा हंगाम सुरू झाला की तेच प्रश्न पुन्हा येतात. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) म्हणजे राख घालून स्वस्त केलेलं सिमेंट, हा समज त्यांच्या मुळाशी असतो. म्हणून पहिलं उत्तर सगळ्यांनीच वाचावं.

पीपीसीच्या गोणीवर ‘फ्लाय ॲश’ असं छापलं आहे. ही भेसळ नाही का? (सिडको)

नाही. आयएस १४८९ (भाग १) या भारतीय मानकानुसार पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेली बारीक राख, असते. सिमेंटला पाणी लागलं की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट जेल, जे वाळू-खडीला धरून ठेवतं. दुसरा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मजबुतीला त्याचा फारसा उपयोग नसतो, शिवाय तो पाण्यात विरघळतो. गळक्या स्लॅबखाली दिसणारे पांढरे ओघळ त्याचेच. फ्लाय ॲशमधली काचेसारखी सिलिका पाण्याच्या सोबतीने या चुन्याशी क्रिया करते आणि त्याचं आणखी जेल बनतं, बारीक छिद्रं बुजतात. पूर्वी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी घालत, त्यामागे हीच क्रिया होती. फक्त ती सावकाश होते, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या ‘सावकाश’मध्येच आहे.

काळपट सिमेंट जास्त मजबूत असतं का? (नाशिकरोड)

नाही. रंग लोहाच्या ऑक्साइडवर आणि राखेतल्या न जळलेल्या कोळशावर ठरतो.

दुकानदार म्हणतो, घराला ५३ ग्रेडच घ्या, पीपीसी ३३ ग्रेडचं असतं. (इंदिरानगर)

पीपीसीला ४३ किंवा ५३ असा ग्रेड नसतोच. मानकाने २८ दिवसांना किमान ३३ न्यूटन प्रति चौरस मिमी मागितले आहेत. ही खालची मर्यादा झाली. ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटला तिसऱ्या दिवशी किमान २७ लागतात, पीपीसीला १६. फरक सुरुवातीच्या वेगात जास्त आहे. नेहमीच्या घराला पीपीसी चांगलं चालतं. गिलाव्याला तर ५३ वापरूच नका, उष्णता जास्त आणि केसासारख्या भेगा लवकर. कोणतं सिमेंट वापरायचं ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या, विकणाऱ्याला नको.

ठेकेदार पीपीसीत ट्रॅक्टरने आणलेली राख आणखी मिसळतो, ‘राख असतेच ना त्यात’ म्हणतो. (सातपूर)

काम आजच थांबवा. कारखान्यात जाते ती राख निवडलेली आणि बारीक असते, आणि सिमेंटशी एकजीव केलेली असते. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातून उपसलेली भरड, ओली राख तशी क्रिया करत नाही, नुसती भर म्हणून पडून राहते. शिवाय पीपीसीतलं सिमेंट आधीच कमी केलेलं असतं. त्यात घमेल्याने राख टाकली की प्रमाण कुठे गेलं हे कोणालाच कळत नाही. असा माल आधीच स्लॅबमध्ये गेला असेल, तर इंजिनिअरला सांगून कोअर (स्लॅबला भोक पाडून घेतलेला काँक्रीटचा नमुना) काढून तपासून घ्या.

पीपीसीचा स्लॅब टाकून आठ दिवस झाले. मिस्त्री म्हणतो पाणी बंद करा, सेंट्रिंग खोलतो. खोली ५ मीटरची आहे. (निफाड)

दोन्हीला नाही म्हणा.

आधी पाण्याचं. काँक्रीटच्या कामाचं मानक आयएस ४५६. त्यात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला (पीपीसी त्यातलंच) किमान १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस सतत ओलावा सांगितला आहे; मिश्र सिमेंटला तो १४ दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारस आहे. ‘सात दिवस’ हे जुन्या सिमेंटचं गणित मिस्त्रींच्या तोंडी बसलं आहे, आणि ते घरांचं नुकसान करत आहे. राखेची चुन्याशी क्रिया मुख्यतः पहिल्या आठवड्यानंतर जोर धरते. तेव्हाच काँक्रीट वाळू दिलं, आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली, की क्रिया जवळजवळ थांबते. राख तिथेच राहते, जेल होत नाही.

सगळ्यात आधी वाळतो तो वरचा २० ते २५ मिमीचा थर, आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, नेमकं तेवढंच असतं. कव्हर सच्छिद्र राहिलं की हवा आणि पाणी सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजून फुगते, पुढे पोपडे पडतात. क्यूब, म्हणजे चाचणीसाठी त्याच काँक्रीटचा ओतलेला ठोकळा, पास झाला म्हणून निश्चिंत राहू नका. क्यूब २८ दिवस टाकीत बुडालेला असतो, तुमचा स्लॅब नसतो.

स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे बांधा आणि ५ सेंटिमीटर पाणी भरून ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडलं म्हणजे क्युअरिंग (काँक्रीट सतत ओलं ठेवणं) झालं असं नाही. दुपारी दोन वाजता गोणपाट उचलून काँक्रीटला तळहात लावा; हात कोरडा आला तर त्या दिवशीचं क्युअरिंग झालंच नाही.

आता टेकू. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४ दिवस, बीमला ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे, तेही तापमान १५ अंशांच्या खाली नसताना. निफाडला जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो आणि थंडीत राखेची क्रिया आणखी मंदावते. तुमच्या ५ मीटरला १४ दिवस ही सुरुवात समजा. पुढे किती, ते इंजिनिअर क्यूब पाहून लेखी सांगेल. सेंट्रिंगच्या भाड्यासाठी घाई करू नका.

चार महिने पडून राहिलेल्या गोण्या वापरू का? (सिन्नर)

गोणीवर छापलेला आठवडा-वर्ष बघा. तीन महिन्यांवर गेल्या असतील तर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय स्लॅब-कॉलमला नको. बोटांनी चुरडत नाहीत असे खडे झाले असतील, तर ते चाळूनही वापरू नका.