“मशीननं मले चोर ठरवलं”

प्रबंध जमा करायचे दिवस आले की दारव्ह्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. आकडा बदलतो, रडणं तेच. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

आई रोजमजुरीनं कापूस वेचायला जाणारी. घरात पीएचडीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. विषय जात्यावरच्या ओव्या. प्रबंध साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेला आणि इतर मजकुराशी साम्य निघालं ३७ टक्के. तेव्हापासून जेवण तुटलेलं, गाईडचा फोन उचलणं बंद.

“रिपोर्ट वाचलास?”

“नाही. आकडाच पाह्यला.”

“मग स्वतःला काय म्हणालीस?”

“का मी लबाड आहो. आमच्यासारख्यायनं इतकं शिकूच नाही.”

हे शेवटचं रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं, ते तिनं पदरचं जोडलं होतं. त्रास घटनेपेक्षा आपण स्वतःला जे सांगतो त्यानं होतो, असं म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझी घडण झाली, त्यामुळे माझे कान नेमके अशाच वाक्यापाशी थांबतात.

तिसऱ्या भेटीला नेट सेंटरवरून रिपोर्टची रंगीत प्रिंट काढून आणायला लावली, जुळणाऱ्या ओळी त्यात रंगवलेल्या असतात. पानं उलटत गेलो. एका लाल ओळीवर तिचं बोट थांबलं. “हे तं माही आजी म्हणे!” ती ओवी कुठल्याशा संग्रहात छापलेली, खाली संदर्भही दिलेला. पुढे अख्खी संदर्भसूची रंगलेली. मग एका पानावर ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “हे दोन परिच्छेद मात्र मी उतरवले, मॅडम.” आणि स्वतःच पेनानं चौकट आखली. इतक्या वर्षांच्या कामात त्या वेळी गप्प राहता आलं, याचं मला समाधान आहे. ३७ टक्क्यांचं ओझं दोन परिच्छेदांवर आलं होतं.

सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. चोरी आहे की नाही, ते माणसांनी वाचून ठरवायचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून जास्तीत जास्त ६ महिन्यांत पुन्हा द्यायचं. नोंदणी रद्द होते ती ६०च्या वर. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश मोजायचेच नसतात. तेव्हा ते वगळून तपासणी झाली का, हे आधी विचारा. आणि पैसे घेऊन ‘टक्के कमी करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी मुळीच लागू नका. ते शब्द फिरवून देतात, आणि प्रबंध तुमचा राहत नाही.

तिनं माझ्या ओसरीतूनच फोन लावला. “सर, दोन परिच्छेद माझे चुकलेत, ते नव्यानं लिहिते. बाकीचं दाखवायला कधी येऊ?”