जुन्या चिनी चित्रांवर मालकांनी एवढे लाल शिक्के मारून चित्रं खराब का केली?

तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये खांबाला बांधलेल्या पांढऱ्या घोड्याचं हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं चिनी चित्र पाहिलं, त्याच्या चहूबाजूंनी लाल शिक्के होते, आणि श्रीमंत संग्राहकांनी चित्राची अशी नासाडी केलेली बघून राग आला.

ते चित्र मीही पाहिलंय, न्यू जर्सीला बहिणीकडे गेले होते तेव्हा. त्याआधी दोन वर्षं बीजिंगमध्ये चिनी भाषा शिकत होते आणि तिथे एका म्हाताऱ्या गुरुजींकडे दगडावर शिक्का कोरायलाही शिकले. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी घोड्याबद्दल. चित्रकार हान गान, काळ साधारण इसवी सन 750. घोडा तांग सम्राट श्वानझोंगचा लाडका, नाव ‘रात्र उजळणारा शुभ्र’. मूळ कागद जेमतेम फूटभर लांब-रुंद. घोडा खांबाला बांधलेला, पण खूर जमिनीवर ठरत नाहीत, नाकपुड्या फुललेल्या आणि डोळा असा वटारलेला की मी काचेपासून पाऊलभर मागे सरकले. शेपूट पाहिलंत का? ते जवळजवळ उरलेलंच नाही, काळाने खाल्लं. बाकीचा घोडा मात्र टिकला, आणि तो कुणाकुणाच्या हातून टिकला हे ते शिक्केच सांगतात.

आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. जमीन हातातून हातात गेली की फेरफाराची नोंद होते आणि जुनी नावं वाचत मागे मागे जाता येतं. चिनी गुंडाळीचित्राचं तसंच. ज्याच्याकडे चित्र आलं त्याने शिक्का उमटवायचा, मनात आलं तर शेवटी जोडलेल्या कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायच्या. पुढच्याने आणखी कागद जोडायचा. कागदाला कागद जिथे जोडला जातो तिथे शिक्का मुद्दाम सांध्यावर मारतात, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. कुणी खरं चित्र काढून खोटं चिकटवलं, किंवा शेवटचं लिखाण कापून दुसऱ्या चित्राला जोडलं, की दोन अर्धी जुळत नाहीत. खरेदीखताच्या पानांवर आपण आडवी सही करतो, त्यातलाच प्रकार. अर्थात शिक्केही खोटे कोरले जातात, म्हणून त्यांचा अभ्यास हे वेगळंच शास्त्र झालं. वांग जीछियान नावाच्या संग्राहकाने एका जर्मन विदुषीबरोबर हजारो शिक्क्यांचे ठसे जमवून 1940 मध्ये ग्रंथ केला. ते स्वतः चित्रकार होते, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाले, आणि त्यांच्या संग्रहातली चित्रं आज याच म्यूझियममध्ये आहेत.

शिक्क्याचा तो लाल रंग म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचं लाल खनिज. हिंगूळ, एरंडेल आणि वनस्पतीचे मऊ तंतू घोटून घट्ट लगदा करतात. गुरुजी तो रोज हाडाच्या काडीने ढवळायचे, नाहीतर तेल वर येतं आणि ठशाभोवती पिवळट कड धरते. नीट बनवलेला लगदा शेकडो वर्षं विटत नाही. पहिल्यांदा मी शिक्का दाबला तेव्हा त्यांनी माझा हात धरून थांबवलं आणि आधी कागदावर मोकळी जागा कुठे आहे ते दाखवायला लावलं. जागा निवडणं हीच खरी परीक्षा.

आणि इथे तुमचा राग थोडा खरा आहे. सगळ्यांना ती जाण नव्हती. अठराव्या शतकातला सम्राट छियानलोंग चित्राच्या मधोमध आकाशात मोठाले शिक्के मारायचा, वर कविता लिहायचा. मला ते खपत नाही. सोळाव्या शतकात जियाशिंगचा शियांग युआनबियान होता, त्याच्या घराण्याची तारणगहाणाची दुकानं होती. तोही शिक्क्यांनी कडा भरून टाकायचा, पण तो चित्राच्या शेवटी आपण दिलेली किंमतही लिहून ठेवायचा! लोक त्याला हसत. आजच्या अभ्यासकांना मात्र त्या काळचे भाव त्याच्यामुळे कळतात.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते अशा संग्राहकाबद्दल, ज्याचा शिक्का या घोड्यावर नाही.

1936 पर्यंत हा घोडा बीजिंगमध्ये पू रू यांच्याकडे होता. ते पदच्युत राजघराण्यातले, स्वतः उत्तम चित्रकार. त्यांनी तो विकला. मी म्हणते त्या संग्राहकाला, झांग बोजू यांना, याची कुणकुण लागली. वय 38, दत्तक गेलेल्या घरची बँक, आणि नाद चित्रांचा, कवितेचा, ऑपेराचा. त्यांनी तिथल्या लष्करी अधिकाऱ्याला पत्र लिहून चित्र देशाबाहेर जाऊ देऊ नका अशी विनंती केली, पण तोवर घोडा निघून गेला होता. तो पोचला लंडनच्या सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्याकडे. हे डेव्हिड जन्मले मुंबईत, 1892 साली. वडील ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष. पुढे 1977 मध्ये चित्र न्यूयॉर्कला आलं.

झांग यांच्या मनाला हे फार लागलं, कारण पू रू यांच्याकडे त्याहून मोठी वस्तू होती: ‘पिंगफू तिए’. लू जी (261–303) या साहित्यिकाचं नऊ ओळींचं पत्र, आजारी मित्राबद्दलचं, झिजलेल्या कुंचल्याने लिहिलेलं. ज्याचा लेखक माहीत आहे असं कागदावरचं याहून जुनं चिनी सुलेखन हाती नाही. तेही परदेशी जाणार या धास्तीने झांग यांनी मध्यस्थ पाठवले. पू रू दोन लाख युआन मागत होते, तेवढे त्यांच्याकडे नव्हते. 1937 च्या हिवाळ्यात, बीजिंग जपान्यांच्या ताब्यात असताना, पू रू यांची आई वारली. अंत्यविधीला पैसे हवे होते, तेव्हा सौदा चाळीस हजारांत झाला. पुढच्या पळापळीत झांग ते पत्र कपड्या-अंथरुणात लपवून जवळच बाळगत.

1941 मध्ये शांघायमध्ये त्यांचं अपहरण झालं, खंडणी मागितली गेली. मला सोडवण्यासाठी संग्रह विकायचा नाही, असं त्यांनी पत्नी पान सू यांना बजावलं. आठ महिने कोंडलेले होते. पान सू यांनी उसनवारी करून पैसे उभे केले आणि त्यांना सोडवलं. 1946 मध्ये ‘वसंतविहार’ हे सुई राजवटीतलं (सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचं) म्हणून ओळखलं जाणारं निसर्गचित्र बाजारात आलं, माजी सम्राट पू यी यांनी राजवाड्यातून बाहेर नेलेल्या चित्रांपैकी. राजवाड्याच्या म्यूझियमकडे पैसे नव्हते. झांग यांनी आपला वाडा विकला, पान सू यांनी दागिने काढून दिले, आणि 220 ल्यांग सोनं (जवळजवळ सात किलो) मोजून ते घेतलं.

1956 मध्ये या जोडप्याने ‘पिंगफू तिए’सह आठ अनमोल वस्तू सरकारला दान केल्या. ‘वसंतविहार’ आधीच म्यूझियमकडे गेलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर ‘उजवे’, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीचे विरोधक, असा ठपका बसला. 1982 मध्ये ते बीजिंगमध्ये वारले. होऊहाय तळ्याकाठचं त्यांचं घर आता स्मारक आहे, मी तिथे दोनदा गेले. वाडा विकणाऱ्या माणसाचं ते घर किती लहान आहे हे बघून गलबलून येतं.

‘पिंगफू तिए’वर बाराव्या शतकातल्या सोंग सम्राट हुइझोंगच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे, त्याचे शिक्के आहेत, राजपुत्रांचे आहेत, पू रू यांचा आहे. आणि झांग बोजू यांचाही आहे.