स्क्रीन फुटली की वाटली?

प्रश्न असा आलाय की स्प्लिट स्क्रीनला, म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन ॲप एकदम उघडी ठेवायच्या सोयीला, मराठीत काय म्हणायचं, 'दुभंगलेली स्क्रीन' चालेल का, आणि ती घालवायची तर 'बंद करणे' म्हणायचं की दुसरं काही.

दुभंगलेली नको राव. दुभंगणं आपोआप होतं, धरणी दुभंगते, मन दुभंगतं, आणि एकदा दुभंगलं की परत सांधायची आशा कमीच. इथं आपणच हाताने दोन भाग केलेत आणि बोटाने परत एक करणार आहोत.

आमची मिरजेची आत्या, तिने एकदा फोन केला, "अरे माझी स्क्रीन मधनं फुटलीया बघ." मी सांगलीतल्या दुकानात काच बदलायचा भाव काढून संध्याकाळी तिच्याकडे गेलो तर काच एकदम धड, वर व्हॉट्सॅप नि खाली यूट्यूब. मी म्हटलं आत्या ही फुटली नाही, स्प्लिट झालीय, तर म्हणते, "म्हणजे वाटणी झाली म्हण की सरळ."

आता हा शब्द बघा. स्प्लिट स्क्रीनमध्ये तुटत काहीच नाही, घर एकच असतं, फक्त दोघांना जागा वाटून दिलेली असते, मग वाटणीच ना ती. आणि आपल्याकडं जमिनीच्या वाटणीची भाषा इतकी तयार आहे की बाहेरनं काही आणायला नको. मधली ती काळी पट्टी, तिला काहीजण रस्त्यावरच्या पाट्या वाचून 'दुभाजक' म्हणतात. चालेल, पण भूमितीतला कोनदुभाजक आठवा, तो बरोबर निम्मे भाग करतो, आणि ही पट्टी तर सरकते, एकाला जास्त नि दुसऱ्याला कमी. मला विचाराल तर तो बांध आहे! हळूच पट्टी ढकलून यूट्यूबला जास्त जागा घेतली की बांध कोरला म्हणायचं, शेती असलेल्या घरात हे समजावून सांगावं लागणार नाही.

'फुटली' पण अगदी टाकाऊ नाही हां. फोडणे म्हणजे दरवेळी नासधूस नसते, संधीची फोड करतो आपण शाळेत, आणि सामाईक सातबाऱ्याची खातेफोड होते, म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा नोंदवतात, तेव्हा कुणी रडत नाही (म्हणजे रडतात, पण वेगळ्या कारणाने). घोळ एवढाच की फोनच्या बाबतीत 'फुटली' म्हटलं की आधी काचच डोळ्यासमोर येते.

पेपरात 'पक्षात उभी फूट' वाचतो तसं इथंही उभं आडवं बघावं लागतं. लॅपटॉपवर विंडोज बटण धरून डावा नाहीतर उजवा बाण दाबला की उभी वाटणी, एक इकडं एक तिकडं. फोन सरळ धरला तर आडवी, एक वर एक खाली, अँड्रॉइडमध्ये ही सोय 2016 साली सातव्या आवृत्तीत आली.

आता 'बंद करणे'. हीच खरी भानगड आहे. आत्याला मी फोनवर सांगितलं स्प्लिट स्क्रीन बंद कर, तिने बाजूचं बटण दाबून स्क्रीनच बंद केली, अंधार. चूक तिची नाही, मराठीत स्क्रीन बंद म्हणजे काळीच. शिवाय यात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे आत्ताची वाटणी मोडणे, अँड्रॉइडवर ती पट्टी बोटाने पार वरच्या नाहीतर खालच्या कडेपर्यंत ओढत न्यायची की एकच ॲप उरतं, विंडोजवर खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यातलं चौकोनाचं बटण दाबायचं, एकाला अख्खी जागा. दुसरं म्हणजे इथून पुढं वाटणी होऊच द्यायची नाही, त्याला विंडोजमध्ये सेटिंग्जमधून सिस्टीममध्ये जाऊन मल्टिटास्किंगखाली 'स्नॅप विंडोज' ऑफ करायचं, कारण विंडोजवाले याला स्प्लिट म्हणतच नाहीत, स्नॅप म्हणतात, म्हणून शोधणाऱ्याला सापडत नाही. इंग्रजीत दोन्हीला टर्न ऑफ म्हणून मोकळे होतात, पण आपल्याकडं शेतजमिनीसाठी 1947 पासून कायदाच आहे, तुकडेबंदी (तुकडे पाडू नका) आणि तुकडेजोड (पडलेले एकत्र करा)! पट्टी ओढून एक करणं ती तुकडेजोड, सेटिंगमधून ऑफ ती तुकडेबंदी. एवढा चपखल फरक हातात असताना दोन्हीला 'बंद करणे' कशाला म्हणायचं?

नावाला मात्र मी स्वतः 'स्प्लिट स्क्रीन'च म्हणतो, स्प्लिट एसी म्हणताना कुठं अडतोय आपण. क्रियापद तेवढं मराठी ठेवा, स्क्रीन वाटली, बांध सरकवला, वाटणी मोडली. आणि आयफोनवाल्यांनी हे सगळं वाचून फोनमध्ये शोधत बसू नका, त्यात ही वाटणीच नाही, आयपॅडवर आहे.