लोकी थॉरचा भाऊ नव्हे, काका!

प्रश्न : माझा नातू सातवीत आहे. थॉर आणि लोकी हे भाऊ-भाऊ, असं तो छातीठोकपणे सांगतो. मी लहानपणी वाचलेल्या गोष्टीत मात्र लोकी हा थॉरच्या वडिलांचा, ओडिनचा भाऊ होता. आमची रोज जुंपते. खरं काय?
— एक आजी, सातारा

आजी, तुमची आठवण पक्की आहे. नातूही चुकीचं सांगत नाही, फक्त त्याची गोष्ट अगदी अलीकडची आहे. ऑगस्ट १९६२च्या अंकात थॉर मार्व्हलच्या कॉमिकमध्ये आला आणि दोनच महिन्यांनी त्याच्यासमोर लोकी उभा राहिला. तिथे लोकी हा दैत्यांचा राजा लाउफेय याचा मुलगा. ओडिनने त्याला उचलून आणलं आणि थॉरबरोबर वाढवलं. २०११च्या चित्रपटाने हीच कथा जगभर नेली.

थॉर, लोकी, ओडिन हे मुळात उत्तर युरोपातल्या जुन्या देवकथांतले. त्या कथा ज्या आइसलँडच्या पोथ्यांत टिकल्या, त्यांत नाती वेगळी आहेत. या देवांची जुनी गाणी ज्या मुख्य हस्तलिखितात टिकली, ते १२७०च्या सुमाराचं. १६६२मध्ये ते डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१मध्ये आइसलँडला परत आलं. त्यातल्या एका गाण्यात समुद्राचा धनी एगिर याच्या घरी देवांची मेजवानी चाललेली आहे. लोकीने तिथल्या नोकराला ठार मारलंय म्हणून त्याला हाकलून दिलेलं. तो परत येतो, बसायला जागा मागतो. कुणी देत नाही. तेव्हा तो थेट ओडिनकडे वळतो आणि आठवण करून देतो, की फार पूर्वी आपण दोघांनी रक्तात रक्त मिसळलं होतं, आणि दोघांना मिळाल्याशिवाय पेल्याला ओठ लावणार नाही असं तू म्हणाला होतास.

म्हणजे लोकी ओडिनचा मानलेला भाऊ. आपल्याकडे मानलेल्या भावाला जो मान असतो, तोच इथे आहे. ओडिनला शब्द पाळावा लागतो. तो आपल्या विदार नावाच्या मुलाला म्हणतो, ऊठ, लांडग्याच्या बापाला बसू दे. हा लांडगा म्हणजे लोकीचा मुलगा फेनरिर. जगबुडीच्या दिवशी तो ओडिनला गिळणार आहे, आणि बापाचा सूड घेत त्याला मारणार आहे तो हाच विदार, जो आत्ता मुकाट्याने जागा सोडून उठतोय. मी डोंबिवलीत दर शनिवारी मुलांसाठी गोष्टींचा तास घेते. हा प्रसंग सांगताना मी दर वेळी इथे क्षणभर थांबते. मोठ्या मुलांना ते बरोबर कळतं.

तेव्हा लोकी थॉरचा काका, मानलेला का होईना. नातवाला तसं सांगा.

आणखी एक गोष्ट सांगा, कारण तिचं मला फार वाईट वाटतं. पोथ्यांमध्ये लाउफेय हा राजा नाहीच, ती लोकीची आई आहे. बापाचं नाव फारबाउती. पण लोकीला ओळखतात ते ‘लाउफेयचा मुलगा’ म्हणूनच, कौंतेय किंवा राधेय म्हणावं तसं. त्या बाईविषयी नावापलीकडे फारसं काही उरलेलं नाही. कॉमिकने तेवढं नावही एका राजाला देऊन टाकलं.

हिंदी डबिंगमुळे मुलं लोकीच्या माणसांना सर्रास राक्षस म्हणतात. मी ‘दैत्य’ म्हणते आणि त्याचं कारणही सांगते. दैत्य म्हणजे दितीची मुलं, आदित्य म्हणजे अदितीची, आणि दोघींचा नवरा एकच, कश्यप. उत्तरेकडच्या देवांचंही तेच आहे. ओडिनची आई बेस्टला ही दैत्याची मुलगी. थॉरची आई योर्द, म्हणजे भूमी, ही रात्रीची लेक आणि त्या रात्रीचा बाप दैत्य. सारं आयुष्य दैत्यांची डोकी फोडण्यात घालवणारा थॉर आजोळाकडून त्यांचाच. ही भाऊबंदकी आहे, आणि ती तशी वाचली तरच या कथा आतून समजतात.

थॉरच्या मुलाची गोष्ट ऐका. ह्रुंगनिर नावाच्या दैत्याला थॉरने हातोड्याने मारलं, पण तो कोसळताना त्याचा पाय थॉरच्या मानेवर पडला. सगळे देव धावले, पाय कुणाच्यानं हलेना. मग आला माग्नी, यार्नसाक्सा नावाच्या दैत्यीणीपासून झालेला थॉरचा मुलगा, जन्माला येऊन जेमतेम तीन रात्री झालेला. त्याने पाय उचलून बाजूला टाकला आणि म्हणाला, मला उशीर झाला बाबा, नाहीतर याला नुसत्या बुक्कीने मारलं असतं! थॉरने खूश होऊन दैत्याचा घोडा त्याला देऊन टाकला. त्यावर ओडिन कुरकुरला, एवढा चांगला घोडा बापाला द्यायचा सोडून दैत्यीणीच्या पोराला दिलास? हे म्हणणारा ओडिन स्वतः कुणाच्या पोटचा, ते वर आलंच आहे.

प्रश्न : चित्रपटात थॉरची आई फ्रिगा आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ गेममध्ये बाल्डरची आई फ्रेया आहे. या दोघी एकच का?
— एक विद्यार्थी, पुणे

थॉरची आई योर्द. फ्रिग ही ओडिनची लग्नाची बायको, म्हणजे थॉरची सावत्र आई. बाल्डर मात्र तिच्या पोटचा. फ्रेया न्योर्दची मुलगी, दुसऱ्या देवकुळातली. त्या दोन कुळांच्या युद्धानंतर तिचा बाप आणि भाऊ ओलीस म्हणून इकडे आले. तिचा नवरा दूरदेशी निघून गेला, त्याच्यासाठी ती रडते आणि तिचे अश्रू लाल सोन्याचे होतात.

दोघी मुळात एकच होत्या का, यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. दोघींकडेही ससाण्याच्या पिसांचा पोशाख आहे, तो अंगावर घेऊन उडता येतं. तरी मला त्या वेगळ्याच वाटतात. वर सांगितलेल्या मेजवानीत लोकी फ्रिगला घालूनपाडून बोलतो, तेव्हा तिची बाजू घेऊन फ्रेयाच उठते आणि मग तिलाही ऐकून घ्यावं लागतं. ज्याने ते गाणं रचलं त्याच्या डोळ्यांपुढे दोन बायका होत्या.

२०१८च्या त्या गेमचे मी एका बाबतीत आभार मानते. तिथे लाउफेय पुन्हा बाई आहे, आई आहे.

प्रश्न : हेला ही थॉरची थोरली बहीण, हे तरी खरं का?
— एक वाचक, नागपूर

नाही. ते २०१७च्या चित्रपटापुरतं. मूळची हेल ही लोकीची मुलगी. दैत्यीण अंग्रबोदा तिची आई. म्हणजे थॉरच्या मानलेल्या काकाची लेक. तिचं अर्धं अंग काळंनिळं, अर्धं माणसासारखं. चित्रपटात फेनरिस लांडगा तिच्या पदरी असतो, तो खरं तर तिचा सख्खा भाऊ. दुसरा भाऊ म्हणजे जगाला वेढून बसलेला साप, योरमुंगंद. देवांनी सापाला समुद्रात फेकलं, लांडग्याला बांधून घातलं आणि हेलला खाली अंधारात टाकलं. रोगाने आणि म्हातारपणाने मेलेली माणसं तिच्या घरी जातात.

खलनायिका म्हणून तिला पाहणाऱ्यांनी बाल्डरच्या मृत्यूनंतरचा भाग जरूर वाचावा. हेर्मोद नावाचा देव त्याला परत मागायला ओडिनचा आठ पायांचा घोडा स्लेप्निर घेऊन निघतो. नऊ रात्री अंधाऱ्या दऱ्यांतून जातो. हेलच्या फाटकाशी खाली उतरतो, खोगिराचा पट्टा आवळतो, पुन्हा चढतो आणि टाच मारतो. घोडा एवढी उंच उडी घेतो की फाटकाला खूरही लागत नाही. आत बाल्डर मानाच्या आसनावर बसलेला असतो. हेल ऐकून घेते आणि एकच अट घालते, की जगातली प्रत्येक वस्तू, जिवंत असो वा मेलेली, त्याच्यासाठी रडली तर तो परत जाईल.

आता त्या घोड्याकडे पाहा. लोकीने एकदा घोडीचं रूप घेतलं होतं, आणि त्या रूपात त्याने जन्म दिलेलं शिंगरू म्हणजे हा स्लेप्निर. हेलचा बाप लोकी, स्लेप्निरची आई लोकी. ज्या फाटकावरून त्याने उडी मारली, ते त्याच्या बहिणीचं होतं. एकाही पोथीत याबद्दल अवाक्षर नाही. हेल त्याला काही बोलत नाही, आणि सकाळी हेर्मोद त्याच घोड्यावर बसून बाल्डरशिवाय परत निघतो.