जेना ऑर्टेगा ‘वेन्सडे’मुळे एका रात्रीत स्टार झाली का?

नाही, ‘वेन्सडे’ ही नेटफ्लिक्सवरची मालिका नोव्हेंबर 2022 मध्ये आली, तोवर ती बरीच वर्षं टीव्हीवर काम करत होती. जन्म 2002 चा, कॅलिफोर्नियातला. ‘जेन द व्हर्जिन’मध्ये तिने नायिकेचं बालपण साकारलं. मग 2016 ते 2018 डिस्ने चॅनलवरच्या ‘स्टक इन द मिडल’मध्ये सात भावंडांतली मधली, हार्ली; हीच तिची पहिली मोठी प्रमुख भूमिका. मी ती मालिका पाहिलीये, विनोदाचं टायमिंग तेव्हाच पक्कं होतं! 2019 मध्ये ‘यू’ या मालिकेचा दुसरा सीझन. मात्र जगभर घराघरांत नाव पोहोचलं ते ‘वेन्सडे’मुळेच, हे खरं. त्यातला गाजलेला नाच तिने स्वतः बसवला होता आणि या भूमिकेसाठी तिला एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकनही मिळालं.